दोघांचा रंधा

माझी बायको माझ्यासमोर बसून रंधा ओढायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गेल्या शिमग्यानंतर ती गेली. तेराव्याला जमलेल्या बायका म्हणाल्या, सोशिक होती बिचारी. मला राग आला. सोशिक कसली? तोंडाची फटकळ, चहात साखर घालताना हात आखडणारी, आणि झोपेत घोरायची. तिच्या हातात ताकद होती आणि डोक्यात उजेड होता, ते मात्र कुणी बोललं नाही. म्हणून मी लिहायला बसलो. माझी शाळा दोन यत्तांची. कुठे खडबडीत लागलं तर वाचणाऱ्यानं स्वतः रंधा मारून घ्यावा.

आम्ही जातीचे सुतार. गाव समुद्राकाठी, बाजाराला बोर्ली पंचतनला चालत जायचं. वरच्या अंगाला भातशेती करणारे, खाली वाळूला लागून कोळीवाडा. शेतकऱ्यांचे नांगर आणि जू, कोळ्यांची दारं, पेट्या, वल्ही, असं आमचं काम. होड्या बांधणारे मिस्त्री वेगळे. आम्ही त्यांच्या कामात हात घालत नव्हतो.

देशाला स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती आणि माझ्या लग्नाला एक पावसाळा. आईबाप दोघं गेलेले. थोरला भाऊ आणि मी एका चुलीवर होतो, ते वहिनी आणि माझी बायको यांचं पटेना म्हणून वेगळे झालो. जमीन नव्हतीच, तेव्हा वाटणी झाली ती हत्यारांची. पडवीत घोंगडी टाकून सगळी हत्यारं मांडली. दादानं चांगल्या करवती, पटाश्या, लहान रंधे आपल्या बाजूला ओढले. माझ्याकडे आला एक वाकस, म्हणजे लाकूड तासायची आडव्या पात्याची कुऱ्हाड, एक म्हातारी करवत, पातं झिजलेला एक लहान रंधा, आणि बापाचा मोठा रंधा.

हा मोठा रंधा एकट्याचा नव्हे. शिसवीचा लांबलचक ठोकळा, उचलायला जड. मागे मूठ, आणि पुढे आरपार भोक. त्या भोकात दोरी. एकानं मागून ढकलायचं, दुसऱ्यानं समोर बसून दोरी ओढायची. फळी कितीही रानटी असू दे, दोघांच्या जोरापुढे वठणीवर यायची. बाप ढकलायचा तेव्हा दादा ओढायचा. बाप गेल्यावर दादा ढकलायचा आणि मी ओढायचो. आता मीच वेगळा झालो, तेव्हा दादाला तो रंधा नकोच होता.

दादा म्हणाला, "घे, बापाचा रंधा तुला दिला. ओढायला माणूस आण म्हंजे झालं."

वहिनी आतून हसली. "न्हाय मिळाला माणूस तर मुंबईला गोदीत जावा म्हणावं. तिथं ओढायला लई गडी हायत."

गोदीची गोष्ट थट्टेची नव्हती. आमचा एक चुलता तिथं हमाली करत होता, त्यानं निरोप धाडला होता की जागा आहे, ये. आणि गावात मला काम मिळत नव्हतं. लोकांना सवय दादाची. दसरा गेला, संक्रांत गेली, माझ्या दारी लाकूड म्हणून आलं ते फक्त चुलीचं. मी ठरवलं, पावसानं बोटी बंद व्हायच्या आत भाऊच्या धक्क्याला उतरायचं. बायको राहील दादा-वहिनीपाशी.

हे तिला सांगितलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "मी काय तुमच्या मनीआर्डरीशी लगीन लावलं व्हय? जायचं तर जावा. पन वयनींच्या चुलीपाशी मी ऱ्हायाची न्हाय. मी माझ्या बापाकडं जाईन, आन मंग न्यायला आलात तरी येनार न्हाय."

ती बोलली ते करणारी होती. म्हणजे आमचा संसार तेवढ्यावरच लटकला होता. पावसाआधी काम मिळालं तर दोघं एका घरात, नाही मिळालं तर ती एकीकडे आणि मी एकीकडे.

अशात एके सकाळी कोळीवाड्यातला म्हातारा तांडेल माझ्या अंगणात आला. तांडेल म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. याचा मचवा त्याच्या बापाच्या वेळचा. मासळी घेऊन पार रेवसपर्यंत जाऊन यायचा. आदल्या साली खाडीच्या तोंडाशी खडकावर चढला आणि कंबरेत मोडला. मिस्त्र्यांनी हात टेकले. मग त्यानं मचवा फोडून फळ्या घरामागे रचून ठेवल्या. लोक जळणाला मागायचे, तो शिव्या घालून हाकलायचा. ज्या लाकडानं पोट भरलं ते चुलीत घालायचं नाही, हा त्याच्या घरचा नेम.

"सुतारा, दार करशील का रं?" तो म्हणाला. "माझं दार वाळवीनं खाल्लं. ह्या मचव्याच्या फळ्यांचं दार पायजे मला. पावसाच्या आधी."

मी विचारलं, "दादाकडं गेला न्हाय व्हय?"

"गेलतो की. तुझा भाऊ म्हनला, असलं लाकूड चुलीत घाल, माझ्या पात्यांची वाट लागंल. त्याच्या तोंडाला लागन्यात अर्थ न्हाय म्हनून हिकडं आलो." मग बोट वर करून म्हणाला, "बापाची होडी हाय माझ्या. बिघडवलीस तर तोंड दाखवू नको. जमलं तर वाड्यातली समदी दारं-पेट्या तुझ्या."

बायको आतून ऐकत होती. मी हो म्हणायच्या आत तिचा आवाज आला, "फळ्या कवा धाडताय, बाबा?"

फळ्या आल्या आणि माझं तोंड उतरलं. लाकूड अस्सल साग, त्यात वाद नाही. पण होडीची फळी कधी सरळ नसते, तिला पोट असतं. शिवाय खडकावर आपटून कित्येकींना पीळ बसलेला. एक टोक जमिनीला टेकलं की दुसऱ्या टोकाचा एक कोपरा वर. खालच्या अंगाला शंख-शिंपल्यांची पुटं, वरच्या अंगाला पाणी मुरू नये म्हणून चोपडलेल्या उंडीच्या तेलाचा काळा थर. उन्हापाण्यानं मऊ लाकूड खाल्लं गेलेलं आणि कडक रेषा वर आलेल्या, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारख्या. आणि खिळे. जिथं तिथं खिळे. काही दिसणारे, काही आत तुटून गडप झालेले.

वरची पुटं मी वाकसानं तासली. दिसतील ते खिळे पकडीनं ओढले. मग लहान रंधा घेऊन बसलो, आणि पहिल्याच हाताला कर्रकन आवाज आला. आत तुटलेला खिळा. पात्याला दाढेएवढी खाच. दिवसभर दगडावर पातं घासलं, दुसऱ्या दिवशी परत तेच.

त्यात मी एक शहाणपणा केला. एक फळी जरा बरी होती, तिच्या दोन्ही टोकांवर पाटे-वरवंटे ठेवले, दाबून सरळ केली आणि तशीच रंधली. वर अगदी पाण्यासारखी झाली. मी खूश. वजनं काढली तर फळी टणकन उसळली आणि पुन्हा होडी झाली.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "सुनंसारखी हाय. सासू उरावर हाय तवर सरळ."

मी चिडलो. म्हणालो, तुला काय कळतं. ती म्हणाली, "मला एवढं कळतं की तुमी तिला दाबू नका. ती जिथं उचलतीया तिथं खाली कायतरी सरकवा, आन हाय तशी बसू द्या. मंग जे वर दिसंल ते काढा." आणि वर, "आन तो मोठा रंधा काढा माळ्यावरनं. ह्यो उंदीर हे डोंगर कुरतडनार न्हाय."

"मोठा रंधा ओढणार कोण?"

"मी."

आता, आमच्यात बायका हत्यारांना हात लावत नाहीत. दसऱ्याला हत्यारं मांडली की बायका भोवती रांगोळी घालतात, फुलं देतात, पण उचलत नाहीत आणि ओलांडत नाहीत. मी ते म्हणालो. तिचं उत्तर तयार होतं. "मी रंध्याला हात कुठं लावतीया? मी दोरीला लावनार. दोरी तर मी विहिरीवर रोजच ओढते, तवा न्हाय कुनी आडवं येत."

मला हसू आलं. बाप असता तर त्यालाही आलं असतं, असं मी मनाला सांगितलं आणि रंधा खाली काढला.

मागच्या परसात फणसाखाली नारळीच्या झापांचा आडोसा केला. फळी मातीवर आडवी घातली, जिथं डुलत होती तिथं खाली ढलप्या सरकवल्या, टोकाला खुंटी ठोकली. मी एका बाजूला गुडघ्यावर. समोर ती, पाय खुंटीला रेटून, पदर कमरेला खोचून, दोरी दोन्ही हातांत.

पहिले काही दिवस नुसती भांडणं. मी ढकलायच्या आत ती ओढायची, रंधा उडी मारायचा. तिनं दोरी वर धरली की रंध्याचं नाक उचललं जायचं आणि पातं बसायचंच नाही. मी ओरडायचो. ती ओरडायची. "आधी बोला तरी! मुक्यानं ढकलताय, मला काय स्वप्न पडतं?" मग ठरलं की मी "हं" म्हणायचं. माझा "हं" आणि तिची ओढ यांची गाठ पडायला वेळ लागला. पण पडली तेव्हा मला कळलं की दादाच्या समोर बसून मी आयुष्यभर नुसती दोरी ओढली होती. ही बाई रंधा ऐकत होती. पातं कुठे अडखळणार ते माझ्या हाताच्या आधी तिला कळायचं आणि ती दोरी सैल सोडायची. विहिरीची सवय. भरलेली कळशी काठाला आपटायच्या आत बाईच्या हाताला कळतंच. ओढायची ती मनगटानं नाही, पाठीनं. आणि दोरी इतकी खाली धरायची की तिच्या बोटांना माती लागायची.

खिळ्यांचं मात्र काही केल्या सुटेना. मोठ्या रंध्याचं पातंही एकदा खाचलं. ती संध्याकाळ मला चांगली आठवते, कारण मी हत्यार आपटून म्हणालो, बोटीचं बघतो उद्या. ती उठून कोळीवाड्याकडे गेली आणि येताना डोक्यावर एक मडकं घेऊन आली. आत लालसर काळं पाणी.

तेव्हा नायलॉनची जाळी नव्हती. सुताची जाळी कुजू नयेत म्हणून कोळी लोक ऐनाची साल उकळून त्या काढ्यात जाळी बुडवायचे. तिचं माहेर अशाच एका कोळीवाड्याला लागून. ते काम बघत ती वाढली. "काढ्याचा थेंब कोयत्यावर पडला तर लोखंड काळंठिक्कर पडतं," ती म्हणाली. "मंग आत लपलेलं लोखंड पन पडंल की."

चिंध्यांचा बोळा करून तिनं फळीवर काढा फिरवला. ओल लाकडात मुरली, आणि थोड्या वेळानं जिथं खिळा होता तिथं तिथं काळा डाग उठला. गोवर उठावा तसा. मी एकेक डाग पटाशीनं उकरला, खिळे काढले, भोकात सागाचीच पाचर बसवली. त्या दिवसापासून पात्याला खाच पडली नाही. मी चांगल्या चांगल्या मिस्त्र्यांबरोबर पुढे कामं केली, पण ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. मला माझ्या बायकोनं शिकवली, आणि शिकवून झाल्यावर म्हणाली, "मडकं परत द्यायचं हाय, फोडू नका."

मग कामाला रंग आला. आधी फळीवर रंधा तिरका चालवायचा, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याकडे. पीळ असाच निघतो. दोन्ही टोकांवर दोन सरळ कांबी आडव्या ठेवायच्या आणि एका डोळ्यानं बघायचं. मागची कांब पुढचीच्या आड बरोबर लपली तर फळी सरळ. नाहीतर जो कोपरा वर दिसेल तो पुन्हा रंधायचा. बघायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं. मी म्हणायचो झालं, ती म्हणायची, "कुठं झालं? तुमच्या डाव्या हाताला माशीएवढं वर हाय." मी हात फिरवून बघायचो. माशीएवढं असायचंच.

सुरुवातीला रंध्यातून नुसता राखाडी भुगा निघायचा, वाळू आणि मिठाचा. मग तुकडे. मग तुकड्यांचा रंग बदलत मधासारखा झाला, आणि इतकी वर्षं समुद्रात भिजलेल्या त्या लाकडातून सागाचा वास आला, जणू कालच तोडलाय. तिनं एक तुकडा जिभेला लावला. म्हणाली, "आजून खारट हाय." शेवटी उभा रंधा, रेषेबरोबर. "हं" म्हटलं, तिनं ओढलं, आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सोलपट निघालं, पातळ, कुठे न तुटता. ते तिच्या मांडीवर जाऊन पडलं. तिनं ते बोटाला गुंडाळलं आणि अंबाड्यात खोचलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "कसं दिसतंय?" मी म्हणालो, सुताराची बायको दिसतेस. तशी सुंदर नव्हती ती. त्या दिवशी मात्र होती.

आणि तेच सोलपट डोक्यात तसंच ठेवून ती विहिरीवर गेली.

वहिनी विहिरीवर होतीच. अंबाड्यात रंध्याचं सोलपट बघून तिनं काय ते ओळखलं. सुताराच्या घरची बाई, तिला काय सांगायला लागतं? थोड्याच वेळात दादा, वहिनी आणि शेजारची चार माणसं आमच्या परसात. झापांचा आडोसा दादानं पायानं बाजूला केला. मध्ये फळी, फळीवर रंधा, रंध्याला दोरी आणि दोरीच्या टोकाशी मातीत तिच्या टाचांचे खड्डे.

"बायकोला बैल केलास?" दादा म्हणाला.

वहिनी म्हणाली, "दसऱ्याची पूजा आता हिनंच करावी. आमी रांगोळी घालतो हिच्या भवती."

बायकोनं पदर डोक्यावर घेतला. थोरल्या दिरांशी ती तोंडानं बोलत नसे, रीतच होती. ती माझ्याकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "दादांना सांगा, बैल जोडीनंच चालतो. एकटा मोकाट हिंडतो तो पोळ."

शेजारी हसले. दादा लाल झाला. जाताना म्हणाला, "तांडेलाला कळू दे. त्याच्या मचव्यावर कधी बाईचा पाय पडला न्हाय. आन तू त्याच्यावर बाई बसवलीस. बघ आता दार कसं घेतो ते."

हे खरं होतं. आमच्याकडचे तांडेल बाईला मासेमारीच्या होडीवर चढू देत नसत. तांडेलानं दार नाकारलं की दुसरं कुणी आमच्याकडे यायचं नाही. गोदी ठरलेली. ती चुलीपाशी जाऊन बसली. मी विचारलं, काय करू या? ती म्हणाली, "भाकरी खावा. उरल्यात दोन फळ्या, त्या करू या. दार तर पुरं होऊ दे, मंग ज्याला काय म्हनायचं ते म्हनंल."

आणि आम्ही ते केलं. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून झापाही काढून टाकल्या. लोक वाटेवर थांबून बघायचे. तिनं मान वर केली नाही. त्या शेवटच्या दोन फळ्या सगळ्यात वाईट होत्या आणि सगळ्यात चांगल्या झाल्या.

तांडेल आला तो न सांगता. परसात सगळ्या फळ्या सावलीला उभ्या होत्या, त्यांच्यापुढे उभा राहिला. एकीवरून हात फिरवला, वरून खाली, मग उलटा. मग दोन फळ्या उचलून मला म्हणाला, "लाव एकाला एक."

मी कडेला कड लावून धरल्या. त्यानं बिडी पेटवली, लांब झुरका घेतला आणि तोंड सांध्याजवळ नेऊन धूर सोडला. मग फळ्यांच्या पलीकडे जाऊन बघितलं. धूर अलीकडेच पसरला होता. पलीकडे काही नाही. त्यानं पुन्हा केलं, खाली, वर, मध्ये. बायको दारात उभी. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"पोरी," तो तिला म्हणाला, "दोरी तू ओढलीस?"

"व्हय बाबा."

"माझ्या मचव्याला बाईचा पाय लागला न्हाय कवा. म्हायती हाय?"

"म्हायती हाय. मी पाय न्हाय लावला. हात लावला."

तांडेल तिच्याकडे बघत राहिला. मग फळीकडे. मला वाटलं आता शिव्या येणार. म्हातारा हळूच म्हणाला, "होडी होती तवर होडीचा नेम. आता दार व्हायचंय तिचं. घराचं दार बाईच उघडते न् बाईच लावते. दर्यावरनं आलो का मी भाईर हुभा ऱ्हाऊन हाक मारतो." बिडी विझवून कानावर ठेवली. "तिला आजपास्नं बायांची सवय झालेली बरी." आणि मला म्हणाला, "बिजागऱ्या कवा बसवतोस?"

तो गेल्यावर ती घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. तिनं चहा केला आणि त्या दिवशी साखर भरपूर घातली.

दार पावसाआधी लागलं. चौकटीत किती फट सोडायची यावर आम्ही दोघं तांडेलाच्या ओटीवरच भांडलो. ती म्हणत होती जास्त सोडा, लाकूड फुगेल. मी तिचं ऐकलं. त्या वर्षी पाऊस तिरपा आला, वाळू उडवत आला, आणि दार फुगून चौकटीत चपखल बसलं, अडलं नाही. आत पाण्याचा थेंब गेला नाही. तांडेलाची म्हातारी सगळ्या वाड्याला बोलावून दार उघडून-लावून दाखवायची.

मी मुंबईला गेलो नाही. चुलत्याला निरोप धाडला की जागा दुसऱ्याला दे. कोळीवाड्याची कामं आमच्याकडे आली, मग शेतकऱ्यांचीही. फुटक्या होड्यांच्या फळ्या लोक आता जाळत नव्हते, आमच्या अंगणात आणून टाकायचे. तिच्या हाताखालून किती गेल्या असतील, मोजल्या नाहीत. पोटात पोर असायचं तेव्हा तेवढी थांबायची, आणि थांबली की चिडचिड करायची. पुढे काही वर्षांनी दादा आला. त्याच्याकडे एका जुन्या तुळईची फळी होती, नाठाळ. अंगणात टाकून म्हणाला, "तुझ्या मानसाला इचार, जमंल का." माणूस म्हणाला तो. ती आत होती, तिनं ऐकलं. त्या दिवशी दादालाही गोड चहा मिळाला.

मग गिरणीतून कापलेल्या सरळ फळ्या यायला लागल्या, आणि मोठ्या रंध्याचं काम कमी झालं. आमचेही गुडघे गेले. तरी वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, आम्ही तो काढायचो, एखादी जुनी फळी घेऊन चार हात मारायचो. रंध्याला गंज लागू नये म्हणून, असं ती म्हणायची. गंज पात्याला लागतो आणि पातं काढून तेल लावता येतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

ती गेल्यावर मुलगा म्हणतो, बाबा, मुंबईला चला. इथं एकटे काय करणार? सून चांगली आहे, बोलावते मनापासून. मी नाही म्हणतो. त्याला वाटतं मी हट्टी आहे. असेनही. पण ज्या मुंबईला जाऊ नये म्हणून ती बाई मातीत टाचा रोवून बसली, तिथं आता ती नाही म्हणून जाऊ, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

मचव्याची एक फळी उरली होती. आखूड होती म्हणून दाराला लागली नाही. तांडेलानं ठेव म्हटलं, आणि आम्ही म्हणायचो याचा पाट करू, आज करू, उद्या करू. परवा मी ती काढली. खाली ढलप्या सरकवल्या, खुंटी ठोकली, मोठा रंधा ठेवला. सवयीनं "हं" म्हणालो. ढकलला. अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला. दोरी पुढे मातीत पडलेली होती. तिच्या टोकाला तिनं चिंधी बांधून केलेली मूठ आहे, हाताच्या घामानं काळी पडलेली.

मी उठून लहान रंधा आणला. वेळ लागेल. फळीला पीळ आहे, आणि डाव्या हाताला माशीएवढं वर आहे, ते मला आता दिसतं. पाट होईल. तिच्या वर्षश्राद्धाला तिचं पान त्यावर मांडीन. मोठा रंधा मी परत माळ्यावर ठेवला, दोरीसकट.